छातीला कान लावून हसणारी माणसं

सकाळचे साडेआठ. कुंभकोणमबाहेरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजचा पुरुष वॉर्ड. अंतिम वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. खाट क्रमांक सात.

खाटेवर साक्कोट्टैचे शिंपी सेतुराव उघड्या छातीने पडलेले. शेजारी कार्तिकेयन नावाचा विद्यार्थी, घामाने चिंब. समोर बाहेरगावाहून आलेले परीक्षक, हातात कॉफीचा पेला.

कार्तिकेयनने स्टेथोस्कोप सेतुरावांच्या छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि अस्खलित इंग्रजीत हृदयाचे आवाज सांगायला सुरुवात केली. पहिला ठोका मोठा, मग एक बारीक खटका, मग खोल घरघर. परीक्षक मान डोलावत होते. ‘गुड, व्हेरी गुड’ म्हणाले, मार्क मांडले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सेतुराव तमिळमध्ये हळूच म्हणाले, ‘‘तंबी, पुढच्या खेपेस ते कानात घाल!’’

स्टेथोस्कोपच्या दोन्ही नळ्या पोराच्या गळ्यात लोंबत होत्या!

कार्तिकेयन आज डॉक्टर आहे. कुठल्या गावी ते सांगत नाही. तुम्हाला ताप आला तर उगीच घाबराल.

मंडळी, असे किस्से माझ्याकडे ढिगाने आहेत. इथल्या तमिळ दैनिकात बातमीदारी करता करता माझे केस पांढरे झाले. जी बातमी छापून येते ती दुसऱ्या दिवशी वड्याच्या तेलाखाली जाते. जी छापता येत नाही ती किस्सा होऊन घरातच मुक्काम ठोकते. त्यात माझी भाची वसुंधरा डॉक्टर व्हायला माझ्याच घरी राहिली. भाऊ आणि वहिनी होसूरला, पोरगी माझ्याकडे. ती रोज संध्याकाळी कॉलेजातून यायची, चप्पल काढायच्या आधी बोलायला लागायची, आणि मी हातातलं काम टाकून ‘‘काय? काय म्हणालीस?’’ करत बसायची.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मी पुण्यात शिकले म्हणून लिहिते तुमच्यासारखं, पण घरात बोलतो ते आमचं जुनं. पुण्याच्या मैत्रिणी ते ऐकून म्हणायच्या, ‘‘तू बखरीतून आलीस का गं?’’ हसा, खुशाल हसा. पण पुढचं ऐकून हसता का ते बघू.

०

वसू वॉर्डात जायला लागली त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही दोघी जेवत होतो. सांबारात हात घालून पोरगी म्हणाली, ‘‘आत्या, आज इतकं सुंदर लिव्हर बघितलं!’’

माझा घास हातातच राहिला. ‘‘कुणाचं?’’

‘‘सहा नंबरचं. बरगडीखाली चार बोटं येतं. हात ठेवला की लागतंच!’’

‘‘अगं, नाव काय त्या माणसाचं?’’

ती विचारात पडली. मग म्हणाली, ‘‘पिवळा शर्ट.’’

मी तिला तिथल्या तिथे झापलं. माणसाला नाव असतं, ते आधी विचारायचं, मग हात लावायचा. बातमीदारीत आम्हीसुद्धा एवढं पाळतो, आणि आम्हाला लोक गिधाडं म्हणतात! वसू गुणी पोर. दुसऱ्या दिवशी नाव विचारायचं ठरवून गेली आणि तोंड पाडून परत आली.

‘‘काय झालं?’’

‘‘सहा नंबरला आज दुसराच माणूस होता.’’

‘‘मग पहिला कुठं गेला?’’

‘‘कुणालाच माहीत नाही, आत्या. मी पीजी करणाऱ्या सीनियर अण्णाला विचारलं. तो म्हणाला, हो गं, याचं लिव्हर तेवढं चांगलं नाही.’’

०

आता सेतुराव.

साक्कोट्टैच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. आमच्यासारखंच मराठी घर, विठ्ठलाचं. एकादशीला गावातल्या भजनात टाळ वाजवणारे, राधाकल्याणाच्या खेळात नारद होणारे. आणि या मेडिकल कॉलेजच्या प्रत्येक बॅचचे पांढरे कोट शिवणारे. मुलांची मापं ते घेतात, मुलींची त्यांची बायको कमलामामी. वसूला पहिला कोट शिवायला मीच घेऊन गेले होते.

सेतुराव स्टेथोस्कोपसाठी खिसा खोल करून देत होते. म्हणाले, ‘‘आज मी तुज कोट देतो. चौथ्या वर्षी तू मज ऐक. इथं जितके कोट गेले, ते सगळे माझ्या छातीवरून गेले, अक्का!’’

मला वाटलं, गडी फेकतोय.

फेकत नव्हता. पाय-मशीन मारताना दम लागतो म्हणून हा माणूस एकदा कॉलेजच्या ओपीडीत गेला होता. युनिटच्या मुख्य प्राध्यापकांना इकडे सगळे ‘चीफ’ म्हणतात. त्या चीफनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळ्या बॅचला हाक मारली. पोरं रांग लावून ऐकून गेली. चीफनी जाताना गोळ्या दिल्या, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘मार्चमध्ये परीक्षा आहे. यायचं हं!’’

तेव्हापासून ते ‘केस’ झाले. मेडिकलच्या परीक्षेला खरीखुरी माणसं लागतात. खाटेवर माणूस ठेवायचा, विद्यार्थ्याने तपासायचं आणि आजार ओळखायचा. तर ज्यांचा आजार ठळक आणि टिकाऊ, अशी माणसं कॉलेजवाले हेरून ठेवतात आणि दर परीक्षेला बोलावतात. सेतुरावांच्या हृदयाची झडप आवळलेली. ती घरघर फार हळू असते, शिकाऱ्यासारखं दबा धरून ऐकावी लागते. बहुतेक पेशंटांत पोरांना ती सापडतच नाही. सेतुरावांच्या छातीत मात्र हमखास सापडते. सापडली की पोरगं हसतं. पास होण्याचं हसू ते!

सेतुराव मला म्हणाले होते, ‘‘अक्का, इतके डॉक्टर माझ्या छातीस कान लावून गेले. एक जण देखील न हसता गेला नाही. आजारी माणसाच्या छातीस कान लावून कोणी हसतं का? पांडुरंगानं आत टाळ ठेवलाय, तो वाजतो, ते ऐकून पोरं खूश होतात!’’

दरम्यान त्यांनी पाय-मशीनला मोटर बसवून घेतली होती. भजनात पूर्वी दिव्याभोवती नाचायचे, ते आता भिंतीला टेकून टाळ वाजवायचे. ‘‘वय जाहलं,’’ म्हणायचे.

वय काय? माझ्याहून लहान!

०

एका परीक्षेच्या सकाळी सेतुरावांच्या दारात एक नाही, दोन गाड्या आल्या! एक आमच्या कॉलेजची. दुसरी पलीकडच्या जिल्ह्यातल्या कॉलेजची, तिथेही त्याच दिवशी परीक्षा होती आणि तिथल्या कुणी प्राध्यापकाने सेतुरावांची कीर्ती ऐकली होती.

दोन्ही ड्रायव्हर आधी हसून बोलले, मग हात वर करून बोलले. मग दोघांनी आपापल्या प्राध्यापकांना फोन लावले आणि स्पीकरवर टाकले. शिलाईच्या टेबलावर दोन मोबाइल, दोन एमडी डॉक्टर, आणि भांडण कशावरून?

‘‘तो आमचा पेशंट आहे!’’

‘‘तुमचा कसा? तुमच्याकडे अॅडमिट आहे का?’’

‘‘आम्ही त्याला शोधला!’’

‘‘यंदा तुम्ही तो प्लीहावाला घ्या, हा आम्हाला सोडा!’’

मंडळी, मी याच गावात बाळंतीण रिक्षात ठेवून खाटेसाठी फिरणारी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या बातम्या केल्या आहेत. अॅम्ब्युलन्स कुठे होती म्हणून विचारलं की ‘चौकशी चालू आहे’! आणि इथे हिंडत्याफिरत्या माणसाला न्यायला दोन गाड्या.

शेवटी आमची गाडी जिंकली. कमलामामी दारात उभ्या राहून सगळा तमाशा बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘लग्नात देखील यांस न्यायला गाडी आली नव्हती!’’

०

हल्ली डॉक्टरकीच्या शिक्षणात ‘संवाद कौशल्य’ आलं आहे. पेशंटशी नीट कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, याचा तास असतो. कल्पना उत्तम. मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

या तासाला खोटा पेशंट लागतो. नाटक करणारा. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला अभिनय येतो? पोरं एका सुरात ओरडली, ‘‘सेतुराव!’’ नारदाचा अनुभव होताच. आले बिचारे. खांद्यावर पंचा टाकून, नवी वेष्टी नेसून.

प्रसंग असा ठरला : पेशंटच्या हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागणार आहे, हे त्याला समजेल अशा भाषेत, जीव लावून सांगायचं. एकेक विद्यार्थी समोर बसायचा आणि सांगायचा. सेतुराव आधी गप्प व्हायचे. मग पंच्याने डोळे टिपायचे. मग कापऱ्या आवाजात विचारायचे, ‘‘डॉक्टर, मी वाचेन ना?’’ वर्ग थरारला! एका मुलीला खरंच रडू फुटलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सेतुरावांना एक टिफिन बॉक्स भेट मिळाला.

वसू घरी येऊन ते सगळं मला करून दाखवत होती. पंचा म्हणून माझा टॉवेल घेतला होता. मी पोट धरून हसत होते.

हसता हसता मी सहज विचारलं, ‘‘काय गं, पण सेतुरावांना खरं काय झालंय?’’

तिच्या खांद्यावर टॉवेल तसाच होता.

‘‘तेच,’’ ती म्हणाली. ‘‘तेच झालंय, आत्या.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘झडप खराब आहे. ऑपरेशन करायला हवं.’’

‘‘हे त्यांना माहीत आहे?’’

वसूने टॉवेल खांद्यावरून ओढून काढला. मग म्हणाली, ‘‘असेल ना? कुणीतरी सांगितलं असेल ना?’’

०

आता या ‘कुणीतरी’चा पत्ता शोधणं हे माझं काम. जन्मभर तेच केलंय. पण वसू म्हणाली, आधी मी विचारते. चीफ हेच कॉलेजच्या बाजूचे परीक्षक होते, तिची परीक्षा तोंडावर होती, आणि त्यांच्या शब्दावर पोरं नापास होतात हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ओठ चावून गप्प बसले.

वसूने पीजीच्या अण्णाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मी आलो तेव्हा ते आधीपासून केस होते. असिस्टंट प्रोफेसरना माहीत असेल.’’

असिस्टंट प्रोफेसर म्हणाले, ‘‘चीफनी सांगितलं असणार. पहिल्यांदा त्यांनीच बघितलं.’’

चीफ राऊंडवर होते. म्हणाले, ‘‘मी गोळ्या दिल्या की! पुढचं फॉलो-अपला ज्याने बघितलं त्याने सांगितलं असेल.’’

‘‘सर, फॉलो-अपला कोण बघतं?’’

‘‘परीक्षेला येतात तेव्हा सगळेच बघतात ना!’’

खरंच होतं ते. सगळेच बघत होते. सबंध जिल्ह्यात या एका माणसाच्या हृदयाएवढी तपासणी कुणाच्या हृदयाची झाली नसेल. कोट घालणारा प्रत्येक जण त्यांच्या आजाराचं नाव घेऊन पास झाला होता. फक्त ते नाव इंग्रजीत होतं, आणि ते परीक्षकाला सांगायचं होतं!

‘‘आणि आत्या, आम्ही उपचारही लिहितो पेपरात,’’ वसू म्हणाली. ‘‘फुगा घालून झडप उघडणे, नाहीतर बदलणे. वेळेवर केलं तर माणूस छान जगतो, असं लिहिलं नाही तर मार्क कापतात.’’

मी विचारलं, ‘‘आणि वेळेवर नाही केलं तर?’’

‘‘तेही लिहितो,’’ ती म्हणाली.

०

एका रविवारी सकाळी आम्ही दोघी साक्कोट्टैला गेलो. पोरीने बसमध्ये काय बोलायचं ते मनात घोकलं होतं. ओठ हलताना मला दिसत होते.

सेतुराव कापड बेतत होते. वसू समोरच्या स्टुलावर बसली. म्हणाली, ‘‘मामा, तुमच्या तब्येतीविषयी एक महत्त्वाचं बोलायचं आहे. आता बोललं तर चालेल का?’’

त्यांनी कात्री खाली ठेवली. डोळे चमकले. ‘‘थांब थांब! पंचा घेतो!’’

आत गेले, खांद्यावर पंचा टाकून आले, नीट मांडी घालून बसले. कमलामामींना हाक मारली, ‘‘अगो, ये, बघ! वसूम्माची प्रॅक्टिस आहे!’’ मामी ओले हात पदराला पुसत येऊन उंबऱ्यावर बसल्या.

‘‘हं. सांग.’’

वसूने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? तिने सांगितलं. सगळं सांगितलं. हृदयात झडप असते, ती दारासारखी उघडते, तुमची आवळली आहे, म्हणून दम लागतो, गोळ्यांनी दार उघडत नाही, ऑपरेशन लागेल. आमच्या घरच्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता सांगितलं.

सेतुराव गप्प झाले. पंच्याने डोळे टिपले. कापऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘डॉक्टर, मी वाचेन ना?’’

आणि लगेच मांडीवर थाप मारून, ‘‘पास! फर्स्ट क्लास! त्या दिवशी कॉलेजात बोललीस त्याहून बरं जाहलं. फक्त ते दाराचं बोललीस तेव्हा खाली बघत होतीस. माणसाच्या डोळ्यांत बघून सांगावं, बाळ!’’

कमलामामींनी टाळ्या वाजवल्या.

वसू स्टुलावरून पुढे सरकली. ‘‘मामा, ही परीक्षा नाही.’’

‘‘हे देखील त्यातलंच वाक्य का? छान आहे!’’

‘‘मामा, खरं आहे हे.’’

‘‘अय्यो, कळलं गो! फार मनापासून करतेस. अगो, हिला कॉफी दे.’’

मंडळी, मी दंगली पाहिल्या आहेत, जळिताच्या ठिकाणी उभी राहून बातमी सांगितली आहे. पण त्या दुकानात पाहिलं तसं कुठे पाहिलं नाही. सगळ्या कॉलेजने मिळून या माणसाला खऱ्या गोष्टीचं इतक्या वेळा नाटक करून दाखवलं होतं, की आता खरी गोष्ट सांगायला शब्दच शिल्लक ठेवले नव्हते!

वसू उठली. पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. म्हणाली, ‘‘शर्ट काढा.’’

सेतुरावांनी सवयीने शर्ट काढला, सवयीने कापडाच्या गठ्ठ्यावर डाव्या कुशीवर वळले. तिने नळ्या कानात घातल्या आणि छातीला लावून ऐकत राहिली. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. नेहमीप्रमाणे, हसू कधी येतं याची वाट बघत.

ती हसली नाही.

ऐकत राहिली आणि हसली नाही. रडलीही नाही. नुसती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. सेतुरावांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी घातली आणि बाजूला ठेवला.

‘‘अगो,’’ ते म्हणाले, ‘‘कॉफी राहू दे. इकडे ये, बस.’’

मग वसूला म्हणाले, ‘‘आता परत सांग. पहिल्यापासून.’’

०

दुसऱ्याच दिवशी मी चीफच्या केबिनमध्ये होते. आता गप्प बसायचं कारण उरलं नव्हतं. वसूच म्हणाली होती, ‘‘नापास झाले तर पुन्हा बसेन, आत्या. तू जा.’’

चीफनी मला बसायला सांगितलं, कॉफी मागवली. मी विचारलं, ‘‘सेतुरावांना हृदयाच्या सर्जनकडे का पाठवलं नाही?’’

‘‘मॅडम, ते आमचे पेशंट नाहीत.’’

‘‘मग कोण आहेत?’’

‘‘ते केस आहेत. परीक्षेसाठी येतात. माझ्या नावावर अॅडमिट नाहीत. उपचाराची जबाबदारी ज्याचा पेशंट त्याची.’’

‘‘ते कोणाचे पेशंट आहेत?’’

चीफनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. अगदी छताकडे बघून केला. मग म्हणाले, ‘‘हे बघा, ऑपरेशनला माझा विरोध नाही. पण एकदा ऑपरेशन झालं की तो आवाज जातो. असा आवाज पुन्हा मिळत नाही, मॅडम! परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. मग नापासांची सप्लिमेंटरी आहे. ती होऊन जाऊ दे. मी स्वतः चिठ्ठी देईन.’’

हा माणूस खलनायकासारखा दिसत नव्हता हो! टेबलावर नातवाचा फोटो होता. मला बिस्किट पुढे करत होता!

मी म्हटलं, ‘‘सर, तुमच्या छातीत असा आवाज असता तर?’’

‘‘माझ्या?’’ ते दचकले. ‘‘मी आजवर थांबलो असतो का?’’

मग बिस्किटाची बशी त्यांनी जरा बाजूला सरकवली.

०

एवढं कळल्यावर सेतुरावांनी त्या कॉलेजची पायरी पुन्हा चढू नये, असं मला वाटत होतं. पण ते आले. म्हणाले, ‘‘कोट मी शिवलेत अक्का. पोरांस अडवून काय मिळणार? एवढी परीक्षा होऊ दे. मग वसूम्मा नेईल तिथं जातो.’’

चिठ्ठ्या टाकून खाटा वाटल्या. वसूच्या वाट्याला सातच आली.

पुढचं तिने मला सांगितलं आणि नंतर सेतुरावांनीही सांगितलं. दोघांचं जुळलं, म्हणून लिहिते.

परीक्षक बाहेरचे. शेजारी चीफ. वसूने आधी पेशंटचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, धंदा सांगितला. परीक्षक घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘‘निदान?’’ तिने सांगितलं.

‘‘उपचार?’’

तिने सांगितलं.

‘‘गुड. या पेशंटमध्ये ते केव्हा करायला हवं?’’

वसू म्हणाली, ‘‘मी शाळेत होते तेव्हा, सर.’’

परीक्षकांनी मान वर केली. चीफनी खिडकीबाहेर पाहिलं. खाटेवरचे सेतुराव, ज्यांना इंग्रजी येत नाही, ते विचारू लागले, ‘‘बरोबर आलं का गो?’’

परीक्षकांनी सेतुरावांच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला. त्यांनी बोट उचललं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

वसूला वाटलं, संपलं. निकाल लागेपर्यंत तिला झोप नव्हती, मला तर जेवण नव्हतं.

ती पास झाली. परीक्षकांनी त्या उत्तराला पूर्ण मार्क दिले होते! उत्तर बरोबर होतं ना!

आणि सात नंबरचं म्हणाल, तर सप्लिमेंटरीला सेतुराव येणार नाहीत हे कळल्यावर चीफनी पट्टीश्वरमचा एक हार विकणारा तरुण शोधून काढला. वसू ते बघून आली. मी विचारलं, ‘‘त्याला सांगितलंय?’’ ती म्हणाली, ‘‘मी सांगितलं, आत्या. तो म्हणाला, मग हे सगळे का हसतात?’’

०

शेवटचा किस्सा. याला मी स्वतः हजर होते.

तंजावरचं एक हृदयाचं हॉस्पिटल. सकाळची वेळ. सेतुराव, कमलामामी, वसू आणि मी. आतल्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जेल लावून छातीवर मशीन फिरवलं, आणि पडद्यावर सेतुरावांचं हृदय दिसायला लागलं. सेतुरावांनी मान वळवून ते पहिल्यांदाच पाहिलं. इतक्या लोकांनी ऐकलेलं हृदय, त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पडद्याला हात जोडले.

बाई बराच वेळ मशीन फिरवत राहिल्या. मग थांबल्या. म्हणाल्या, ‘‘झडप चुन्यासारखी कडक झाली आहे. फुगा आता चालणार नाही. बदलावी लागेल. फुप्फुसावरही ताण आलाय, त्यामुळे धोका आहे. किती ते आत्ताच सांगत नाही.’’

कमलामामींनी भिंतीला हात टेकला.

बाई चिडलेल्या होत्या. खऱ्या चिडलेल्या, मला ते लगेच ओळखू येतं. खेड्यातली माणसं अंगारे लावत बसतात आणि शेवटच्या घटकेला येतात, असं त्यांना वाटत असणार. आवाज चढवून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, ‘‘अय्या, हे आजचं दुखणं नाही! कुठल्याही डॉक्टरने एकदा छातीला स्टेथोस्कोप लावला असता तरी कळलं असतं! इतकी वर्षं तुम्ही होता तरी कुठं?’’

सेतुराव उठून बसले. शर्टाची बटणं लावली. अगदी आदराने म्हणाले,

‘‘मेडिकल कॉलेजात, अम्मा.’’